दातावर वाजवलेली टिप

टिपमास्तरांना पूल खेळता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पस्तीस वर्षं ते पूलच्या हॉलमध्ये, बिलियर्डसारख्या टेबलांशेजारी बसत होते, पण काठी हातात धरायची ती तिचं टोक दुरुस्त करण्यापुरती. एकदा लोकांनी फारच आग्रह केला म्हणून खेळायला उभे राहिले, तर पांढरा बॉल टेबल सोडून गेला आणि मालकांच्या चहाच्या कपावर आदळला. मालकांनी तो फुटका कप फडताळात ठेवून दिला आणि मास्तरांना पुन्हा कुणी आग्रह केला नाही.

त्यांचं काम वेगळं होतं. पूलच्या काठीच्या टोकाला नखाएवढी चामड्याची चकती असते, तिला टिप म्हणतात. बॉलला लागते ती काठी नव्हे, ही चकती. ती झिजते, फाटते, दगडासारखी होते, मग बदलावी लागते. मास्तर खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून जुनी टिप पात्याने उडवायचे, काठीचं टोक पॉलिशपेपरवर सपाट करायचे, सरसाचा एक थेंब टाकून नवी टिप बसवायचे, कडा तासायचे आणि शेवटी बोटाला थुंकी लावून त्या कडा अशा घासायचे की चकाकल्या पाहिजेत. थुंकीला पर्याय नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पाण्याने करून बघा म्हणावं, मग माझ्याकडे या.

पण हे सगळं कुणीही शिकलं असतं. मास्तरांची खरी विद्या होती त्यांच्या वरच्या डाव्या पुढच्या दातात.

टिपा दोन प्रकारच्या येतात. एक थरांची: कागदाएवढे पातळ चामड्याचे थर एकावर एक चिकटवून दाबलेले. कारखान्यातून येतात त्या सगळ्या एकसारख्या. डोळे मिटून उचला आणि लावा. दुसरी अखंड, एकाच चामड्यातून पाडलेली. हिचं असं, की जनावराच्या पाठीचं चामडं निराळं आणि पोटाचं निराळं, त्यामुळे एकाच डबीतली एक टिप लोण्यासारखी निघते आणि दुसरी कवडीसारखी. पन्नासांतल्या दहा-बारा कामाच्या. त्या दहा-बारा कोणत्या, हे दिसून कळत नाही. मास्तरांना कळायचं. ते टिप चिमटीत धरून त्या दातावर वाजवायचे. थप वाजली की मऊ, टक वाजली की कडक, आणि जबड्याच्या हाडातून कानापर्यंत नीट ठक असं गेलं, की ती टिप बरोबर. त्या ठकवर हॉलमधली माणसं डोळे झाकून विश्वास ठेवायची. मास्तर टिप वाजवायला लागले की शेजारच्या टेबलावरचा माणूस मारायचा थांबायचा.

थरांच्या टिपेला मास्तर माणसातच धरत नसत. "थर म्हणजे काय? गोंदावर ठेवलेला भरवसा," म्हणायचे. "आज चिकटलंय, उद्या सुटेल. चामडं आहे की वही?"

त्यांना उत्तर द्यायला एकच माणूस होता, आणि तो होता दातांचा डॉक्टर. दवाखाना समोरच्याच इमारतीत, दुपारी दोन तास बंद, आणि ते दोन तास डॉक्टर टेबल नंबर तीनवर. हे गृहस्थ थरांच्या टिपेचे कट्टर भक्त. "मास्तर, विसाव्या वेळेला जी पहिल्यासारखी वागते ती टिप," असं म्हणून ते आपली काठी भिंतीवरच्या स्टँडला अशा थाटात लावायचे, की मास्तर खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघायला लागायचे. दहा वर्षं दोघांचा हा वाद चालू होता आणि दोघांचंही त्यावाचून अडत होतं.

आता या दाताला घरी काय मान होता, तेही ऐका. रविवारी सकाळी मास्तर जेवणाच्या टेबलावर नवी डबी उपडी करून बसायचे, आणि पन्नास टिपा संपेपर्यंत ठक, टक, थप. बायको टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. तीस वर्षं कानाला ते यंत्र लावून हजारो माणसांना एकमेकांशी जोडून दिलेलं. घरी आल्यावर कानांना शांतता हवी, तर हे.

"अहो, ती एकच टिप तीनदा वाजवलीत," ती स्वयंपाकघरातून ओरडायची. "समजत नसेल तर फेका ना!"

"तुला काय कळतंय त्यातलं?" मास्तर म्हणायचे आणि चौथ्यांदा वाजवायचे. पस्तीस वर्षांच्या संसारात रविवार सकाळचं संभाषण एवढंच.

आणि मग तो महिना आला.

त्या महिन्यात हॉलमध्ये काठ्या घसरायला लागल्या. एकाची नाही, सगळ्यांची. नेम धरावा, काठी पुढे सोडावी, की टोक बॉलवरून निसटून पांढरा बॉल भलतीकडेच. मास्तरांची टिप खोटी असेल असा संशय कुणाच्या मनालाही शिवला नाही, म्हणून जो तो स्वतःलाच दोष द्यायला लागला. एका विमा एजंटाने चष्मा बदलला. शाळेतले ड्रॉइंगचे सर डावखुरे होऊन बघू म्हणाले आणि पंधरा दिवस खरोखर डाव्या हाताने खेळले. एका धिप्पाड माणसाने, जो ट्रक चालवायचा, टेबलाला हात लावून शप्पथ घेतली की आता या जन्मात खेळणार नाही. दुसऱ्या दिवशी तो नुसताच येऊन बसला आणि टेबलाकडे बघून उसासे टाकत राहिला. टिप घसरू नये म्हणून तिच्यावर लावायचा निळा खडू तर एवढा घासला जाऊ लागला, की माणसांच्या नाकांची टोकं निळी दिसायला लागली.

एकट्या डॉक्टरांची काठी घसरत नव्हती. तिच्यावर थरांची टिप होती.

मालक साधे गृहस्थ, पण त्यांनाही डोळे होते. एका दुपारी ते मास्तरांच्या खुर्चीपाशी आले, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या महिन्यापासून हॉलच्या सगळ्या काठ्यांना थरांच्याच टिपा लावू म्हणतो. निवडायची भानगड नको. डबी उघडायची, चिकटवायची. ते तर मीही करीन."

मास्तरांच्या हातातलं पातं तसंच राहिलं. निवडायची भानगड नको, म्हणजे दात नको. दात नको, म्हणजे मास्तर नको. उरलं काय? सरसाचा थेंब आणि थुंकी. खेळता येत नाही असा माणूस पूलच्या हॉलमध्ये कोणत्या तोंडाने बसणार? या खुर्चीशिवाय त्यांना जगात बसायला दुसरी जागा नव्हती. घरी होती, पण तिथे बसल्यावर करायचं काय हे त्यांना कधीच सुचलेलं नव्हतं.

"एक संधी द्या," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता तेवढा कडक निघाला नाही. "दोन काठ्या. एकीला थरांची, एकीला मी निवडलेली अखंड. डॉक्टरच खेळू देत. घसरली तर मी स्वतः खुर्ची उचलून घेऊन जाईन."

तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला. मास्तरांनी लगेच डबी उघडली, आणि डॉक्टरांसमोरच टिपा वाजवायला सुरुवात केली. चोरी नाही, लपवाछपवी नाही. पाचवी टिप वाजवली तेव्हा डॉक्टर वाकले.

"मास्तर, पुन्हा वाजवा."

मास्तरांनी वाजवली.

"अहो, दात हलतोय तुमचा!"

ट्रकवाला उठून उभा राहिला.

तिथेच खिडकीच्या उजेडात डॉक्टरांनी मास्तरांचं तोंड उघडायला लावलं, आणि सगळा उलगडा झाला. दात मुळाशी सैल झाला होता, महिन्याभरापासून तरी. वाजवलं की तो जरासा मागे जायचा, त्यामुळे टक वाजायच्या ऐवजी ठक वाजायचं. मास्तर महिनाभर कवडीसारख्या टिपा निवडून निवडून लोकांच्या काठ्यांना बसवत होते, आणि वर थुंकी लावून चकाकवत होते. ड्रॉइंगच्या सरांनी आपल्या डाव्या हाताकडे खिन्नपणे पाहिलं.

"काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "उद्याच."

"नाही," मास्तर म्हणाले. "रविवार होऊ दे."

"अहो, हिरडीत पू आहे!"

"डॉक्टर, दात काढायला तुम्हीच टपलेले आणि समोरून खेळणारेही तुम्हीच. हा कुठला न्याय?"

डॉक्टर दुखावले. थरांचा माणूस असला तरी सरळ होता. त्या दुपारी ते न खेळताच दवाखान्यात परत गेले. मास्तरांनी आणखी तीन दिवस तो दात जिभेने जागेवर धरून काढले. हॉलमधला प्रत्येक जण त्यांच्या तोंडाची काळजी वाहत होता. कुणी सूप आणलं, कुणी पाव दुधात बुडवून दिला, विमा एजंट म्हणाला, कमी बोला, मी बोलतो तुमच्या वतीने. चौथ्या दिवशी गाल सुजून डोळा झाकला, तेव्हा बायकोने विचारलं नाही, चर्चा केली नाही. दंडाला धरून नेऊन दवाखान्याच्या खुर्चीत बसवलं.

दात निघाला. डॉक्टरांनी तो कापसात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिला. इतक्या वर्षांत टिपा वाजवून वाजवून त्याच्या कडेला एक खळगा पडला होता. मास्तरांनी तो खळगा अंगठ्याने चाचपला आणि त्यांना एकदम रडू आलं. लहान मुलासारखे रडले, तोंडात कापसाचा बोळा धरून. बायकोने पर्स उघडून रुमाल दिला.

आठवड्याने सूज उतरली. मास्तरांनी दुसऱ्या दातांवर वाजवून बघितलं. दाढेवर आवाज खोल जायचा, उजव्या दातावर भलताच यायचा. खालच्या दातावर वाजवताना तर टिप गिळली जाता जाता राहिली. रविवार बारा दिवसांवर आला होता, आणि मास्तर जेवणाच्या टेबलाशी डबीसमोर नुसते बसून राहायला लागले होते. घरात इतकी शांतता होती की बायको दोनदा बाहेर येऊन बघून गेली, माणूस ठीक आहे ना.

जखम दाखवायला दोघं पुन्हा दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हिरडी छान भरतेय. दोन महिन्यांनी नवा दात बसवू. फक्त प्रकार आज ठरवून टाका." आणि मग ते जरा घुटमळले. घसा खाकरला. "प्रकार दोन आहेत, मास्तर. एक, म्हणजे बघा, आत कडक गाभा आणि वरून पातळ... थर चढवलेले. अगदी खऱ्यासारखा दिसतो, फक्त कधीकाळी वरच्या थराचा टवका उडू शकतो. आणि दुसरा अखंड. एकाच ठोकळ्यातून कोरलेला."

मास्तर खुर्चीत ताठ उठून बसले.

"चेष्टा करताय माझी?"

"आईशप्पथ नाही! असेच येतात हो. मी काय करू?"

डॉक्टरांनी ताटलीत दोन नमुने आणून ठेवले. मास्तरांचा हात सवयीने वर गेला, दातापर्यंत आला, आणि तिथे दात नव्हता. हात तसाच हवेत थांबला. बायकोला ते बघवेना.

"इकडे द्या," ती म्हणाली. "धुतलेत ना, डॉक्टर?"

आणि तिने एक नमुना उचलून आपल्या पुढच्या दातावर वाजवला. मग दुसरा. मान तिरकी करून ती जरा वेळ नुसती ऐकत राहिली, जशी एक्स्चेंजमध्ये ऐकत असेल.

"हा टक," ती म्हणाली. "आणि हा ठक, पण ठकच्या मागे बारीक थप आहे. हा थरांचा."

डॉक्टरांनी नमुने उलटे करून खालचा शिक्का बघितला. बरोबर होतं.

मास्तरांनी खिशातली गोळ्यांची जुनी डबी काढली. तीत आठ टिपा होत्या, दात धडधाकट असताना नमुन्यासाठी निवडून ठेवलेल्या, प्रत्येकीच्या खाली पेन्सिलीने खूण केलेली. त्यांनी एकेक तिच्या हातात दिली. ती वाजवत गेली: कडक, मऊ, मऊ, बरोबर, कडक. सहाव्या टिपेला थबकली. "ही बरोबर आहे, पण काठावरची. ही तुम्ही तीनदा वाजवली असेल." आठच्या आठ बरोबर निघाल्या.

"हे तू कधी शिकलीस?" मास्तरांनी विचारलं.

"शिकायला कशाला हवं? पस्तीस वर्षं ऐकतेय," ती म्हणाली. "घरात दुसरं काय होतं ऐकायला?"

ती हे रागाने म्हणाली असती तर मास्तरांनी उत्तर दिलं असतं. पण ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि ते त्यांच्या काळजात रुतलं. डॉक्टरांनी उगाचच नळ सोडून हात धुतले.

दाताचा निर्णय तिनेच घेतला. थरांचा. "अखंड तो खडूसारखा पांढरा दिसतोय," ती म्हणाली. "तुमचं तोंड रोज बघायचंय मला, तुम्हाला नाही." मास्तरांनी मुकाट मान डोलावली. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं आणि हसू दाबायला खाली वाकून उगाच चप्पल नीट केली.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. टिप बायकोने निवडली होती, मास्तरांनी बसवली होती. दोन्ही टिपांच्या कडा मालकांनी काळ्या शाईने रंगवल्या, म्हणजे थर दिसायला नकोत. वरून निळा खडू. मग मालकांनी एकट्यानेच काठ्या आतल्या खोलीत नेऊन एकीच्या मुठीला लाल दोरा बांधला आणि दुसरीला पांढरा. कोणत्या दोऱ्याची टिप कोणती, हे एका कागदावर लिहून कागद खिशात घातला, आणि खेळ संपेपर्यंत कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

डॉक्टर एकेका काठीने वीस-वीस बॉल खेळले. लाल दोरा: पंधरा जाळीत गेले, एकदाही घसरली नाही. पांढरा दोरा: पंधरा गेले, एकदाही घसरली नाही. ड्रॉइंगच्या सरांनी दोनदा मोजून खात्री केली.

"आता सांगा, थरांची कोणती?" मालक म्हणाले.

"लाल," डॉक्टर बेधडक म्हणाले. "हाताला कळतं हो. दहा वर्षं खेळतोय."

"पांढरी," ट्रकवाला म्हणाला. त्याने काठीला हातही लावला नव्हता.

मास्तरांनी दोन्ही काठ्या उजेडात धरल्या, टोकं नखाने दाबली, वास घेतला. "लाल," तेही म्हणाले. वादात पहिल्यांदा दोघं एका बाजूला आले आणि दोघांनाही ते जरा विचित्र वाटलं.

मग बायको खुर्चीतून उठली. तिने पदराने टोक पुसलं, मधला आटा फिरवून दीड हात लांबीची पुढची अर्धी काठी सोडवून घेतली आणि भर हॉलमध्ये, पंचवीस पुरुषांसमोर, दातावर वाजवली. मग दुसरी.

"लाल अखंड," ती म्हणाली. "पांढऱ्याला मागे थप आहे." तिच्या वरच्या ओठाला निळा खडू लागला होता.

मालकांनी खिशातून कागद काढला. लाल अखंडच होती.

दहा वर्षांच्या वादाचं दिवाळं वाजलं होतं; जिला फरक कळत होता तिला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि ज्यांना खेळाशी देणंघेणं होतं त्यांना फरक कळत नव्हता. मालकांनी डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "दोन्ही ठेवू. ज्याला जी हवी ती. पण अखंड असेल तर बाईंनी वाजवलेलीच." ड्रॉइंगच्या सरांनी काठी पुन्हा उजव्या हातात घेतली. ट्रकवाल्याने टेबलाला हात लावून शप्पथ परत घेतली.

खुर्ची राहिली. फक्त तिच्यावर आता बायको बसते, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोन ते चार. मास्तरांसाठी मालकांनी एक स्टूल आणून दिलं आहे, त्याचा एक पाय आखूड आहे. ती वाजवते, ते चिकटवतात. थुंकी अजून त्यांचीच. त्यांचा नवा दात डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लावतात. "बघा, थर! कट्टर माणसाच्या तोंडात थर!" मास्तर ओठ वर करून दाखवतातही.

तो दात बसल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मास्तरांनी एकटं असताना एक टिप त्याच्यावर वाजवून पाहिली होती. आवाज झाला, पण हाडातून आत काही गेलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा वाजवली नाही. डबी उचलून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"बाहेर येऊन बस ना," ते म्हणाले.

ती पिठाने भरलेले हात धुऊन आली, समोर बसली, आणि वाजवायला लागली. ठक. टक. थप. पंचवीसेक टिपा झाल्यावर मास्तर म्हणाले, "तुझ्या त्या एक्स्चेंजमध्ये... कसं असायचं गं?"

तिने हातातली टिप खाली ठेवली. त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, पुन्हा कुठे सूज आलीय की काय म्हणून.

"आज विचारताय?"

"आज."

ती सांगायला लागली. ओळीने बसलेल्या अठरा जणी, कानाला लावून लावून दुखणारं ते यंत्र, रोज अकरा वाजता फोन लावून कुणाशीच न बोलणारा एक म्हातारा, ज्याला फक्त तिचा 'नमस्कार' ऐकायचा असायचा. दुपारचे दोन वाजले तरी ती सांगतच होती. अर्धी डबी तशीच राहिली होती आणि मास्तर ऐकत होते.